१६.५ मिलिमीटर रुळांवरचं डब्ल्यूपी : माझा अनुभव

भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल करायला घेतलंय म्हटलं की जो तो आधी विचारायचा, ते नाक कसं करणार? साहजिकच आहे. गोळीच्या टोकासारखं पुढे आलेलं नाक आणि त्यावरची चांदणी एवढ्यावरच लोक हे इंजिन ओळखतात. माझी झोप मात्र रुळांनी उडवली होती.

बाजारात मिळणारे बहुतेक छोटे रूळ एचओ मापाचे असतात. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि प्रमाण १:८७. हे गणित युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजला बरोबर लागू पडतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. म्हणजे एचओ रुळांवर १:८७ चं डब्ल्यूपी ठेवलं तर अंग ब्रॉडगेजचं आणि पाय मात्र एकमेकांना चिकटलेले. समोरून पाहिलं की लगेच खटकतं. आपल्या इंजिनाचा रुबाब त्या रुंद बैठकीत आहे असं माझं ठाम मत आहे. नाक हुबेहूब जमलं आणि बैठक चुकली, तर ते इंजिन परदेशी वाटतं.

यातून सुटायचे रस्ते दोन. सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ, सांधे, चाकांचे आस सगळं हातानं करायचं, नाहीतर रूळ तेच ठेवून प्रमाण बदलायचं. कागदावर आकडेमोड करताना एक सुंदर गोष्ट सापडली. ब्रॉडगेज म्हणजे साडेपाच फूट. एका फुटाला ३ मिलिमीटर धरले, तर साडेपाच गुणिले तीन बरोबर साडेसोळा! काही शिल्लक नाही, काही कमी नाही. हे प्रमाण १:१०१.६ होतं. ब्रिटनमध्ये ३ मिलिमीटर मापात काम करणारे हौशी लोक पूर्वीपासून आहेत, त्यामुळे हे काही आडवळणाचं माप नाही. त्या संध्याकाळी मी १:८७ चे सगळे आराखडे फाईलला लावून टाकले.

या निवडीची किंमत म्हणजे तयार काहीच मिळत नाही. पण एक फायदा ध्यानीमनी नसताना मिळाला. आर्किटेक्चरची मुलं इमारतींची मॉडेलं १:१०० मध्ये करतात. त्यांच्यासाठी मिळणारी माणसं, झाडं, कुंपणं माझ्या कामाला जवळजवळ तंतोतंत बसतात. ड्रायव्हर आणि दोन फायरमन मला असेच एका स्टेशनरीच्या दुकानात मिळाले. डोक्याला फडकं बांधलं, एकाच्या हातात फावडं दिलं, की झालं.

मापं आणि फोटो यांसाठी हरियाणातल्या रेवाडीला गेलो. १८९३ सालचं हे वाफेच्या इंजिनांचं शेड आज वारसा म्हणून जपलं आहे आणि तिथं डब्ल्यूपी ७१६१, म्हणजे ‘अकबर’, उभं आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यानं पहिली १६ डब्ल्यूपी पाठवली. पुढे १९६७ पर्यंत एकूण ७५५ झाली, शेवटची आपल्या चित्तरंजन इंजिन कारखान्याची. ‘अकबर’ही चित्तरंजनचंच. तिथं पट्टी लावून फोटो काढले : पायऱ्या, हँडरेल धरणारे खुंट, केबिनच्या खिडकीची चौकट, बॉयलरमध्ये पाणी सोडणाऱ्या इंजेक्टरचे नळ. ज्याला मॉडेल करायचंय त्यानं इंजिनाच्या खाली वाकून आणि टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याच्या, मागून फोटो काढावेत. समोरून काढलेले सुंदर फोटो सगळीकडे असतात, टेंडरच्या मागच्या शिडीचा फोटो कुणाकडेच नसतो.

पण मला संग्रहालयातलं चकचकीत इंजिन करायचं नव्हतं. ७५५ इंजिनं एका वर्गाची असली तरी शेडगणिक रंग वेगळे, दुरुस्तीगणिक नळ वेगळे. म्हणून सत्तरच्या दशकातला एक कृष्णधवल फोटो समोर ठेवला आणि ठरवलं की याच इंजिनाचं, याच दिवसाचं मॉडेल करायचं. हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला. ‘साधारण डब्ल्यूपी’ करायला गेलं की प्रत्येक ठिकाणी अडायला होतं. फोटो समोर असला की तो उत्तर देतो.

बॉयलरसाठी पितळेचा पत्रा पुण्याच्या बोहरी आळीतून आणला. लाल होईपर्यंत तापवून नरम केला आणि सळईवर वळवला. डब्ल्यूपीची आखणी जास्त राखेच्या, हलक्या प्रतीच्या देशी कोळशावर चालावं अशी केलेली, त्यामुळे भट्टी रुंद आणि ती मागच्या छोट्या चाकांवर पेललेली. केबिनसमोरचा हा फुगीर भाग सपाट ठेवला की इंजिनाचा बांधाच हरवतो. रिव्हेटांसाठी पत्रा उलटा टाकून बोथट सुईनं मागून ठोके दिले, समोरून बारीक दाणे उठतात. नाक मात्र लेथवरच व्हायला हवं होतं. भोसरीतल्या एका टर्नरदादांना पुठ्ठ्याचा फर्मा आणि फोटो दिला. दिवसभर बुश काढणारा माणूस, पण फोटो बघताच म्हणाला, “साहेब, ही गोलाई टूलनं नाही येणार, शेवटी कानशीनं हातानं काढावी लागणार.” आणि तशीच काढून दिली, अॅल्युमिनियमच्या जेमतेम दोन सेंटिमीटरच्या तुकड्यातून.

चाकांचा विषय थोडक्यात. इंजिनाला ओढणारं खरं मोठं चाक १७०५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेसतरा. ओओ या ब्रिटिश मॉडेल-मापात १७ मिलिमीटरची चाकं मिळतात, ती मागवली. ती खऱ्यापेक्षा जाड असल्यानं सिलिंडर प्रत्येक बाजूला पाऊण मिलिमीटर बाहेर घ्यावे लागतात. डोळ्यांना ते कळत नाही. दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये नेमका ९० अंशांचा फरक मात्र हवाच आणि तो तिन्ही आसांवर सारखा हवा. त्यासाठी पितळेचा छोटा साचा करून घेतला. मोटर आणि गिअर बाहेरून मागवले, वायरी आणि एलईडी तपकीर गल्लीतले.

मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो वालशार्ट व्हॉल्व्ह गिअरनं, म्हणजे सिलिंडरात वाफ कधी सोडायची ते ठरवणाऱ्या दांड्यांच्या जुळणीनं. चाकाच्या बाहेर नाचणारे ते दांडे म्हणजे वाफेच्या इंजिनाचा जीव. जर्मन सिल्व्हरच्या अर्ध्या मिलिमीटर पत्र्यातून बारीक करवतीनं दांडे कापले. दोन्ही बाजूंचे दांडे सारखे यावेत म्हणून पत्र्याचे दोन तुकडे डाख देऊन चिकटवायचे, एकदमच कापायचे, कानस मारायची आणि मग तापवून सुटे करायचे. सांध्यांना खिळा म्हणून साधी टाचणी. टाचणी मागून घालायची, दोन दांड्यांच्या मध्ये तेलात भिजवलेला पतंगाचा कागद ठेवायचा आणि टाचणीच्या टोकाला डाख द्यायचा. तेलामुळे कथील आत शिरत नाही. थंड झाल्यावर टाचणीचं जास्तीचं टोक कापलं आणि कागद फाडून काढला, की सांधा मोकळा फिरतो. डाख धरावा म्हणून लावलेला फ्लक्स लगेच गरम पाण्यानं धुवायचा, नाहीतर आठवड्यात हिरवा गंज येतो. इथं घाई अजिबात चालत नाही. एक सांधा झाला की चाक हातानं पूर्ण फिरवून बघायचं, कुठंही अडलं नाही तरच पुढचा.

बॉयलरच्या पोटात शिसं भरलं, वजन मधल्या चाकावर तोलून. पुढची चार छोटी चाकं वळणावर सिलिंडरला घासतात, म्हणून माझ्या मांडणीतली वळणं शक्य तेवढी मोठी ठेवली आहेत. खोली त्यामुळे लहान वाटते, पण इंजिनाच्या खालचा भाग कापून जागा करणं मला मंजूर नव्हतं.

रंग झाल्यावर आणि कोळसा भरण्याआधी आमच्या ओळखीच्या एका काकांना बोलावलं. त्यांनी मध्य रेल्वेत वाफेच्या इंजिनांवर फायरमन म्हणून बरीच वर्षं काढली. त्यांनी चष्मा चढवला, इंजिन सावकाश फिरवून पाहिलं आणि विचारलं, “गाडी शेडमधून निघाली का पोचत आली?” मी फोटो दाखवला. “मग पोचत आली. टेंडर काठोकाठ भरू नका. फावडं पुढच्या बाजूला लागतं, तिथं खड्डा पडलेला असतो. मागे ढीग, पुढे खड्डा.” मग केबिनच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, “आणि छागल कुठाय? प्यायचं पाणी कशात ठेवणार?”

छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, केली, टिश्यू पेपर डिंकाच्या पाण्यात बुडवून. कोळसा खराच घेतला, खलात कुटून चाळणीनं चाळून. रंगवलेल्या वाळूला ती चमक येत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली आणि इंजेक्टरच्या नळांजवळ जड पाण्यानं पडणारे पांढरे ओघळ अगदी पातळ रंगानं सोडले. धुराड्यामागे काजळी खडूच्या भुकटीची. जिथं माणसांचे हात रोज लागतात, तिथली हँडरेलं मात्र काळी न करता घासून उजळ ठेवली. नाकावरची चांदणीही तशीच लख्ख, कारण इंजिन कितीही मळलेलं असलं तरी ती पुसायचीच, असं काका म्हणाले.

आता मागे डबे हवेत. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, डबा २१.३ मीटरचा, म्हणजे माझ्या मापात २१० मिलिमीटर. पहिल्या डब्याच्या बाजू कापून झाल्यात, खिडक्यांच्या गजांसाठी किती जाडीची तार घ्यावी यावर सध्या काम चालू आहे.