४० लाखांचं लोन आणि १२ महिन्यांची नोकरी

लातूर, नांदेड, परभणीकडची पोरंपोरी हल्ली मला एकच विचारायलेत, दादा बीडीएस झालंय (नाहीतर बीएचएमएस, नाहीतर फिजिओ), आता अमेरिकेत एमएचए करू का, म्हणजे हेल्थकेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधलं मास्टर्स. वाटणं साहजिक आहे, स्वतःचा दवाखाना टाकायचा तर घरचं भांडवल लागतं आणि दुसऱ्याच्या दवाखान्यात बसलं तर महिन्याला हातात काय येतं ते सगळ्यांना माहितीये. पण कन्सल्टन्सीवाले जो पगार दाखवतात ना, त्याच्याकडं जरा नीट बघा.

तो आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत मेडिकल अँड हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजरचा मे २०२४ चा मधला पगार वर्षाला १,१७,९६० डॉलर आहे, निम्मे लोक त्याच्या वर, निम्मे खाली. एका डॉलरचे ८८ रुपये धरून गुणलं की कोटीच्या वर जातं आणि घरात सगळे खूश. पण तो मॅनेजरचा पगार आहे बरं का, डिग्री घेऊन बाहेर पडलेल्या पोराचा नाही! मी इथं अमेरिकेत एका हॉस्पिटलच्या रेव्हेन्यू सायकलमध्ये, म्हणजे बिलं आणि विम्याचे पैसे वसूल करायच्या विभागात, काम करतो, आमची मॅनेजर आधी नर्स होती, कितीतरी वर्षं वॉर्डात काढून मग ऑफिसात आली. नव्या एमएचएवाल्याला काय मिळतं, तर बिलिंग, ऑपरेशनच्या आधी विमा कंपनीची परवानगी काढणं, नाकारलेले क्लेम दुरुस्त करून परत पाठवणं, अपॉइंटमेंटा लावणं, लईच झालं तर अ‍ॅनालिस्ट. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची सुरुवात ५० ते ६० हजार डॉलरवर झाली.

आता कर्ज. फी आणि राहणं धरून ४० लाख घेतले, व्याज ११ टक्के, मुदत १० वर्षं असं समजू. कोर्स चालू असतानाच बापानं व्याज भरत राहिलं तरी नंतरचा हप्ता महिन्याला ५५ हजार पडतो. पैसे दरवर्षी निम्मे असे दोन टप्प्यांत उचलले आणि व्याज नाही भरलं तर ते साचत जाऊन दोन वर्षांचा कोर्स आणि नोकरी शोधायचे सहा महिने होईपर्यंत ४० चे ४९ लाखांच्या आसपास होतात आणि हप्ता ६७ हजारांच्या वर. घरी समजावून सांगायचं तर असं सांगा की सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे ५५ हजारांचा हप्ता झाला दहा क्विंटल, चांगल्या सालात एका एकराचं पीक, आणि ते दर महिन्याला. तेही हमीभाव मिळाला तर, मोंढ्यात काय भाव लागतो ते तुम्ही मला सांगायची गरज नाही.

तरी खरं सांगू का, डॉलरमध्ये नोकरी असेपर्यंत हा हप्ता जड नाही. ५५ हजार म्हणजे सव्वासहाशे डॉलर, रूममेटसोबत राहून घरी डाळभात केला की ५५ हजार डॉलरच्या पगारात निघतात, उलट थोडे जास्तच पाठवता येतात. घोडं अडतंय दुसरीकडं. शिक्षण झाल्यावर कामाची जी परवानगी मिळते, ओपीटी, ती १२ महिन्यांची, त्यातही ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही, आणि नुसती हेल्थकेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची डिग्री स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या सरकारी यादीत) बसत नाही म्हणून इंजिनिअर पोरांना मिळतात तसे वरचे २४ महिने नाहीत. म्हणजे लोन दहा वर्षांचं आणि कमवायची हमी एका वर्षाची, तीपण नोकरी लागली तर. त्या वर्षात पोट मारून महिन्याला १,५०० डॉलर वाचवले तरी सोळा लाखांच्या आत, बाकीचं कर्ज घेऊन भारतात परत आलात तर संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या हॉस्पिटलातल्या सुरुवातीच्या पगारात तो हप्ता कसा भरणार?

पुढं राहायचं तर एच-१बी, म्हणजे कंपनीनं स्पॉन्सर केलेला कामाचा व्हिसा, त्याची लॉटरी आहेच, वर्षाला ६५,००० आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी अजून २०,०००. पण आपल्या लाइनीत एक वाट आहे जी कन्सल्टन्सीवाले सांगतच नाहीत. युनिव्हर्सिटीशी जोडलेली जी ना-नफा हॉस्पिटलं असतात त्यांना ही मर्यादा लागू नाही, लॉटरीच नाही, स्पॉन्सर करायची तयारी असली की झालं. करायची तयारी फार कमी जण दाखवतात, ते वेगळं, बिलिंगच्या पोस्टसाठी तर जवळपास नाहीच.

माझ्या वर्गातल्या अमेरिकन पोरी लोनबद्दल निवांत असायच्या, मला आधी कळेना. सरकारी लोन असेल आणि ना-नफा हॉस्पिटलात नोकरी केली तर १२० हप्त्यांनंतर उरलेलं माफ होतं त्यांना. आपलं लोन बँकेचं, आणि बहुतेक बँका शेतजमीन धरत नाहीत म्हणून गहाण असतो गावातला एनए प्लॉट नाहीतर राहतं घर. अमेरिकन पोरीचं आणि आपल्या पोरीचं कर्ज आकड्यानं सारखं असलं तरी पहिलीलाच रात्री झोप लागते.

मग मी कोणाला जा म्हणतो? ज्यानं भारतात हॉस्पिटलात दोन-चार वर्षं खरोखर रोजचा कारभार चालवायचं किंवा क्वालिटीचं काम केलंय, ज्याचं एकूण लोन पहिल्या वर्षाच्या पगाराच्या, म्हणजे त्या ५०-५५ हजार डॉलरच्या, निम्म्याच्या आसपास राहतंय, स्वस्त सरकारी युनिव्हर्सिटी मिळालीये, त्यानं जावं. अनुसूचित जातीतल्या पोरांनी तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघितल्याशिवाय बँकेची पायरी चढूच नये. आणि ज्यांना कॉम्प्युटरची भीती नाही त्यांनी हेल्थ इन्फॉर्मेटिक्सकडं, म्हणजे हॉस्पिटलची माहिती कॉम्प्युटरवर हाताळायच्या शिक्षणाकडं, बघा, हॉस्पिटल तेच, शिकायचं थोडं वेगळं, पण बऱ्याच ठिकाणी ती डिग्री स्टेममध्ये येते आणि एकाचे तीन वर्ष होतात.

फक्त नावावर जाऊ नका, एकाच नावाचा कोर्स एका युनिव्हर्सिटीत स्टेम असतो, दुसरीकडं नसतो. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदावर, सीआयपी कोड (कोर्स कुठल्या विषयात मोडतो त्याचा सरकारी नंबर) छापलेला असतो, ५१.०७०१ असेल तर ते साधं हेल्थकेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, ५१.२७०६ असेल तर मेडिकल इन्फॉर्मेटिक्स. डिपॉझिट भरायच्या आधी अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल टाकून कोड लेखी मागून घ्या, उत्तर देतात ते.