१५ ते ८

माळा आवरताना जुन्या पंचांगात घडी घातलेला तपकिरी कागद सापडला. उदबत्तीने पाडलेली भोकं, कडा अजून जळकट. आत्याचा रांगोळीचा कागद. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं: '१५ ते ८'. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मधोमध एकेक कमी करत आठांवर थांबायचं.

दिवाळीच्या पहाटे गेरूवर हा कागद दाबून धरणं माझं काम. आत्या त्यावरून रांगोळी पसरायची, कागद अलगद उचलायची आणि मी श्वास रोखून बघायचो. एकदा नेमकी शिंक आली. "पळाले बघ ठिपके," एवढंच म्हणाली आणि तिथे कमळाऐवजी कासव काढलं.

मला मोजायची खोड आहे. जिने, फरश्या, लग्नातल्या पंगती. माळ्यावरच बसून भोकं मोजली: १६९. त्याच घडीत १३ ओळी १३ ठिपक्यांचा चौकोनी कागद होता. तोही १६९! दोन्ही रांगोळ्यांना चिमटे तेवढेच.

हिशेब सोपा आहे. आठ ते चौदांची बेरीज ७७, तिची दुप्पट अधिक १५. पण तो पटतो, दिसत नाही. दिसलं ते खाली उतरल्यावर, टीव्हीजवळ पडलेल्या रुबिकच्या ठोकळ्यात. त्याचा कोपरा डोळ्यांसमोर धरला की तीन बाजू एकदम दिसतात आणि बाहेरची कड षटकोनी होते. दिसणारे तुकडे मोजा: १९. म्हणजे '५ ते ३'ची रांगोळी! सत्तावीस तुकड्यांतून मागे लपलेले आठ वजा. तसाच आठ-आठचा ठोकळा घेतला तर ५१२ वजा ३४३. आले १६९. आत्या इतकी वर्षं उंबऱ्यापुढे ठोकळाच काढत होती की!

मग तो चौकोनी कागद? तेराचा वर्ग इथे कुठून उगवला, हे मात्र ठोकळा कसाही फिरवला तरी दिसत नाही. समीकरण मांडलं की कळतं, पण मला ते गेरूवर हवं होतं.

एकाच ठिपक्याची रांगोळी सोडली, तर असा जोड पुढे जुळतो तो थेट '२०९ ते १०५'ला. ठिपके ३२,७६१, म्हणजे १८१ चा वर्ग. इंचा-इंचावर मांडले तर मधली ओळच सतरा फूट चार इंच.

आमची गॅलरी चार फुटांची. त्यात वॉशिंग मशीन.