व्हाइटसँड्सचा पूर: जवळचं प्रतिबिंब कुठे जात होतं ते सापडलं

स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसला निथ नदी पुन्हा पात्राबाहेर आली आणि मी पुन्हा व्हाइटसँड्सवर, म्हणजे तिच्या काठच्या धक्क्यावर. यावेळी हाती फोटो आहे! एकच, पण मला हवा होता त्याच्या अगदी जवळ जाणारा.

अडचण अशी. पुरात इथे दोन पाणी असतात. एक नदीचं, डेव्हॉर्गिला पुलाच्या सहा कमानींतून धावणारं, दाट चहाच्या रंगाचं. दुसरं धक्क्यावरच्या पार्किंगमध्ये शिरलेलं, जवळजवळ थांबलेलं. दोन्ही एका फ्रेममध्ये हवीत आणि वेगळी दिसायला हवीत. मागच्या खेपेला एनडी १००० (उजेड हजारपट कमी करणारा काळा फिल्टर) लावून शटर ३० सेकंद उघडं ठेवलं, तर सगळं दूध झालं. नदी कुठे संपते आणि धक्का कुठे सुरू होतो, काही कळेना. पुराचा फोटो तळ्यासारखा दिसणं मला सहन होत नाही. मी सांगलीत वाढलो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे आकडे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. पाण्याची ओढ फोटोत दिसलीच पाहिजे.

म्हणून यावेळी एनडी बॅगेतच ठेवला. डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, दिवे लागतात आणि नुसत्या संधिप्रकाशातच शटर हवं तितकं हळू होतं. छिद्र एफ ८, संवेदनशीलता आयएसओ १००, शटर अर्धा सेकंद. नदीवर लांब, ताणलेल्या रेघा उमटल्या. पाव सेकंदाला त्या तुटक येतात आणि दोन सेकंदांना पुसल्या जातात. निथसाठी अर्धा सेकंद, हे मी आता पक्कं लिहून ठेवलं आहे.

पण धक्क्यावरच्या दिव्यांची प्रतिबिंबं बिघडली. लांबची शाबूत, जवळची गायब. ट्रायपॉड धक्क्याकडे उतरणाऱ्या फ्रायर्स व्हेनेल या गल्लीच्या तोंडाशी, उतारावर कोरड्यात होता (वाहत्या पुरात पाय घालायचा नाही, हा नियम मी मोडत नाही). आधी वाटलं वारा आहे. वारा पडला, तरी तेच. मग वाटलं फोकस. लाइव्ह व्ह्यू मोठा करून तपासला, बरोबर होता. स्टॅबिलायझेशन बंद केलं. लेन्स पुसली. चाळीस मिनिटं यात गेली आणि उजेड हातातून निसटत होता.

कारण होतं सीपीएल, म्हणजे चकाकी कापणारा, फिरवता येणारा ध्रुवीकरण फिल्टर. ओल्या लाल वालुकाश्मावरची चकाकी मारायला दुपारी लावला होता, तो तसाच राहिला. पाण्यावरून परतणारा उजेड सगळ्यात जास्त ध्रुवीकृत होतो (म्हणजे एकाच दिशेत कंप पावतो, आणि असाच उजेड हा फिल्टर अडवतो) तो पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल तर हा कोन सुमारे दोन मीटरवरच्या पाण्याशी जमतो. तेवढंच प्रतिबिंब फिल्टर खाऊन टाकतो. लांबच्या पाण्याकडे नजर फार तिरपी जाते, तिथे फिल्टरचं फारसं चालत नाही.

काढायला गेलो तर फिल्टर लेन्सवर बसवणारी अ‍ॅल्युमिनियमची स्टेप-अप रिंग थंडीत गच्च बसलेली. यापुढे फक्त पितळी रिंगा. शंभर-दोनशे रुपये वाचवून संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही.

रिंग अडकली हे मात्र बरंच झालं. काढता येईना म्हणून सीपीएल नुसता फिरवत बसलो आणि एका ठिकाणी जवळचं पाणी एकदम पारदर्शक झालं. कडेला पाणी वीतभरही नव्हतं. खाली पार्किंगचे पांढरे पट्टे दिसायला लागले! पुढे पाण्याखालचे पट्टे, मध्ये दिव्यांची प्रतिबिंबं, मागे पळणारी नदी आणि पूल. एकही गाडी नसताना ही गाड्यांची जागा आहे हे आता चित्रच सांगतं. अशा तीन फ्रेम मिळाल्या. दोन हलल्या, तिसरी धारदार आहे. तिचा प्रिंट मॅट कागदावर काढणार आहे, ग्लॉसीवर हा तपकिरी रंग स्वस्त वाटतो.

आता पुढचं. खरं तर बुक्लू स्ट्रीट पुलावरून वरचा कोन घ्यायचं ठरलं होतं. हे लिहितानाच ते रद्द करतो आहे, कारण उंचावरून ३७ अंशांचा पट्टा लांब सरकेल आणि पार्किंगचे पांढरे पट्टे हातचे जातील. त्याऐवजी भरती पाहून जायचं. निथ जिला मिळते त्या सॉल्वेच्या खाडीतली मोठी भरती आणि निथचा पूर एकाच वेळी आले की पाण्याला उतरायला वाट मिळत नाही आणि फुगवटा शहरापर्यंत येतो. माझा अंदाज असा की ओहोटी लागल्यावर थोडा वेळ धक्का भरलेलाच राहील आणि नदी मात्र जोरात सुटेल. दोन पाण्यांतला फरक तेव्हा सगळ्यात स्पष्ट दिसायला हवा. उधाणाच्या दिवसांवर भरतीच्या तक्त्यात खुणा करून ठेवल्या आहेत, त्यातली ओहोटी संध्याकाळी येते असे दिवस मोजकेच आहेत.

आणि उन्हाळ्यात टेकडीवरच्या जुन्या पवनचक्कीतला १८३६ चा कॅमेरा ऑब्स्क्युरा (अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगातून बाहेरचं दृश्य टेबलावर पाडणारं यंत्र) उघडला की त्याच्या पांढऱ्या टेबलावर पडणारी नदी टिपायची आहे. तिथे सीपीएल नेणार नाही.