प्रश्नचिन्हांचं सर्किट

गिरगावातल्या एका जुन्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. त्यांना खुर्चीत बसवून चार जण जिन्यावरून खाली आणत होते. लिफ्टवाले काका कंट्रोल कार्ड घेऊन अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आले तेव्हा त्यांनी आधी हेच सांगितलं, बिघाड नंतर. "मॅडम, सगळे म्हणतात पॅनेलच नवीन टाका. सोसायटीला झेपणार नाही ओ."

कार्डावर काळ्या लॅकरचा जाड थर, आयसी चिपवरचे नंबर घासून टाकलेले. नक्कल होऊ नये म्हणून असं करतात, पण पुढे दुरुस्ती करणाऱ्याने काय करायचं? मला याचा मनापासून राग येतो. कार्ड बनवणारा कारखाना केव्हाच बंद झाला होता. काकांनी तिथल्या जुन्या भागीदाराला गाठून एक पेनड्राइव्ह मात्र मिळवला होता.

त्यात कार्डाच्या स्केमॅटिकची, म्हणजे सर्किटच्या आराखड्याची, एससीएच एक्स्टेन्शनची फाइल होती. डबल क्लिक केल्यावर ईगल हे सर्किट काढायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि त्याने फाइल नाकारली. ईगलच्या स्केमॅटिकचं एक्स्टेन्शनही हेच. मग फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत 'ईईस्केमा स्केमॅटिक फाइल व्हर्जन 4' असं होतं, म्हणजे फाइल ईगलची नाही, कायकॅड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हर्जन 5 च्या काळातली. आमच्याकडे त्याच्या पुढचं व्हर्जन आहे, ते जुन्या फाइल्स उघडतं. कायकॅडचा स्केमॅटिक एडिटर सुरू करून फाइल उघडली, तर वायरी जागच्या जागी, नावं जागच्या जागी, पण प्रत्येक पार्टच्या ठिकाणी नुसता चौकोन आणि त्यात दोन प्रश्नचिन्हं.

काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "गेलं का सगळं?"

गेलं नव्हतं. जुन्या कायकॅडमध्ये स्केमॅटिकच्या फाइलमध्ये पार्टचं फक्त नाव आणि जागा असायची, त्याचं चित्र लायब्ररीत. प्रोजेक्टपुरती त्या चित्रांची एक प्रत शेजारच्या कॅश फाइलमध्ये राहायची, आणि तिच्या नावात प्रोजेक्टचं नाव असायचं. डिसेंबर 2021 मध्ये व्हर्जन 6 आल्यापासून चित्रं स्केमॅटिकमध्येच साठवली जातात, पण हे त्याआधीचं काम. पेनड्राइव्हवर शोधल्यावर 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये कॅश फाइल सापडली: 'लिफ्ट2-कॅश'. प्रोजेक्टचं नाव मात्र 'लिफ्ट-फायनल'. कुणीतरी नाव बदललं होतं, म्हणून दोघांची चुकामूक. कॅशला प्रोजेक्टचं नाव दिलं, ती स्केमॅटिकशेजारी ठेवली आणि या वेळी प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रोजेक्टची फाइल उघडली. रेझिस्टर, रिले, ऑप्टोकपलर, सगळं रेखीव उमटलं. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

पुढचं काम सरळ होतं. दार बंद झाल्याचा सिग्नल प्रोसेसरपर्यंत पोचत नव्हता. दुसऱ्या शीटवर त्याची वाट दिसली: 24 व्होल्ट, मग आर47 हा 2.2 किलोओहमचा रेझिस्टर, मग सिग्नल प्रकाशाने पुढे पोचवणारा पीसी817 ऑप्टोकपलर. हिशेब केला तर करंट सुमारे 10 मिलिअँपिअर आणि रेझिस्टरमध्ये जळणारी पॉवर 0.24 वॅटच्या आसपास. पार्ट लिस्टमध्ये तो लिहिलेला पाव वॅटचा. दार बंद असेल तेवढा वेळ, म्हणजे जवळजवळ दिवसभर, तो आपल्या मर्यादेच्या काठावर तापत राहायचा. लॅकर खरवडलं, एक पाय सोडवून मीटर लावला. रेझिस्टर ओपन होता, म्हणजे आतून तुटलेला.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक वॅटचा 2.2 किलोओहम काही रुपयांत मिळतो, आमच्या ड्रॉवरमध्ये होताच. सगळ्या दार-इनपुटचे रेझिस्टर बदलले, टेबलावर 24 व्होल्ट देऊन एकेक सिग्नल तपासला. कार्ड पिशवीत घालून काका निघाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला: प्रत्येक मजल्याचं दार उघडून-लावून बघितलं, लिफ्ट चालू आहे, आजोबा उद्या लिफ्टनेच उतरतील.

मी स्केमॅटिक नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलं आणि पीडीएफ काढून काकांना पाठवली. हेच कार्ड त्यांच्याकडच्या आणखी इमारतींत आहे. तिथला आर47 बंद पडायच्या आत बदलायचा म्हणून येत्या रविवारी ते मशीन रूम उघडून देणार आहेत.