लॅप स्टील: हुंकार अखेर चार सेकंद जमला

आठ तारांचे लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार सरकवत वाजवायची गिटार) घेण्याची मागच्या नोंदीतली घोषणा मी मागे घेतो, कारण सहा तारांवरच एक हुंकार धड निघत नाही, हे या महिन्यात कळून चुकले. अमेरिकेतल्या ओहायोतील टोलेडोच्या स्टीलवादक निकी डी. ब्राऊन आणि त्यांचा 'सिस्टर्स ऑफ थंडर' हा वाद्यवृंद यांना ऐकून ज्युएल डोमिनियन या एका अमेरिकी चर्चच्या शाखेतल्या स्टील-घराण्यातला एकच लांब, कंठातून आल्यासारखा सूर मी बसवत होतो. ओपन ई (मोकळ्या तारा ई मेजरमध्ये जुळवलेल्या), पहिली तार, बार बरोबर बाराव्या खुणेवर, असे सगळे जागच्या जागी असूनही ऐकू येत होती ती जुन्या चित्रपटगीतांच्या धुनांतली हवाईयन गिटार.

ज्युएल डोमिनियनचे स्टीलवादक लोरेन्झो हॅरिसन यांनी या शैलीत वा-पेडल (सुराचा रंग 'ऊ'पासून 'आ'पर्यंत बदलणारे पायपेडल) रुजवले, एवढ्या ज्ञानावर मी तालागणिक पाय हलवत राहिलो आणि तीन आठवडे बेडूक ओरडवले. पेडल ठेक्यासाठी नसून स्वरोच्चारासाठी आहे, हे फार उशिरा लक्षात आले. टाच दाबली की 'ऊ', पंजा दाबला की 'आ'. बार सुरावर पोहोचेपर्यंत तोंड मिटलेले हवे, आणि सूर ठरल्यावरच ते सावकाश उघडायला हवे. कंपही त्यानंतरच. परवा रात्री हे सलग चार सेकंद जमले, तेव्हा मी दिवा न लावता तेच अकरा वेळा वाजवले.

बाकीच्या तारा मात्र तळहाताने अजून नीट दबत नाहीत. शिवाय एका विक्रेत्याने पाठवलेला पोकळ बार निव्वळ फसवणूक आहे. भरीव, जड पोलादाला पर्याय नाही.

मेरी मॅग्डालेना टेट या स्त्रीने 1903 मध्ये स्थापलेल्या आणि 1931 मध्ये तीन शाखांत विभागलेल्या या चर्चमध्ये स्त्रिया बिशप झाल्या, पण स्टीलवर बहुधा पुरुषच बसले, ही गोष्ट मला सतत खटकते. तिथे स्टील प्रवचनाला उत्तर देते, म्हणजे ते आधी ऐकते. हे लिहितानाच सुचले: मीटरवर डोळे लावण्याऐवजी आधी स्वतःचा हुंकार ध्वनिमुद्रित करावा आणि बार व पाय त्याच्यामागून चालवावेत. व्हॉल्यूम पेडल मी आत्ताच काढून ठेवले आहे. रविवारपर्यंत फक्त 'ऊ'.