उभं कुठं राहायचं?

ताजमहालला गेलं की फोटो कुठून काढायचा हा प्रश्नच उरत नाही. मुख्य दरवाज्यातून आत शिरलं की कमानीत नीट बसलेला ताज, मग पाण्याच्या हौदाशी तो संगमरवरी बाक जिथं १९९२ मध्ये डायना एकटी बसली होती, तिथं रांग, आणि आपला फोटो पुढच्या-मागच्यासारखाच येणार हे माहीत असूनही रांग कोणी सोडत नाही. मुंबईत सीएसएमटीसमोर सेल्फी पॉइंट आहे, क्वीन्स नेकलेस, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रेघ, पाहिजे तर मलबार हिलवरचं कमला नेहरू पार्क, हावडा ब्रिज पाहिजे तर खालच्या फुलबाजाराचा घाट नाहीतर हुगळीतली फेरीबोट. म्हणजे देशभरात कुठंही जा, तुमचे पाय कुठं टेकवायचे ते आधीच कोणीतरी ठरवून ठेवलंय, आपण फक्त बोट दाबायचं. त्यात वाईट काही नाही हं. ती जागा चांगली असते म्हणूनच ठरते. पण आठदहा ठिकाणी असं ठरल्या जागेवर उभं राहिलं की घरी येऊन फोटो बघताना आपण नेमकं काय केलं तेच कळत नाही.

म्हणून मला आपल्या खान्देशातले फोटो काढायला जास्त मजा येते, कारण इथं कोणी काहीच ठरवून ठेवलेलं नाही.

आता जळगावची स्कायलाइन घ्या. महापालिकेची सतरा मजली, संपली स्कायलाइन. ती कुठून चांगली दिसते हे कुठंच लिहिलेलं नाही, त्यामुळे शोधत फिरावं लागतं. अगदी जवळून, गोलाणी मार्केटकडून बघितली तर मान दुखते आणि फ्रेममध्ये नुसत्या वायरी. ओळखीतल्या कोणाच्या गच्चीवरून बघितली तर पुढे काळ्या टाक्या, सोलर, वाळत घातलेल्या चादरी आणि त्यात ती एकटीच उभी, आणि मला विचाराल तर तोच फोटो खरा, चादरी काढून टाकल्या तर ती कोणत्याही गावची इमारत होईल. मे महिन्यात मात्र हे असले उद्योग करू नका. पारा ४५ च्या पुढे जातो, आभाळ पांढरं पडतं, आणि लांबची लेन्स लावली तर मधली हवाच एवढी थरथरते की फोकस बसला की नाही तेच कळत नाही. थांबायचं ते पहिल्या दोनतीन पावसांसाठी. हवा धुऊन निघते आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते.

भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, ही पण स्कायलाइनच की! रस्त्याच्या कडेला ट्रायपॉड लावला की मोटरसायकल थांबतेच. "काय करी राहिना भो?" चिमण्यांचा फोटो काढतोय म्हटलं की तो गडी एकदा चिमण्यांकडे बघतो, एकदा आपल्याकडे, काहीतरी बिनसलंय असं मनात ठरवतो आणि मग स्वतःच सांगतो की पलीकडच्या बांधावरून यापेक्षा चांगल्या दिसतात. आणि खरंच दिसतात. ताजला असा माणूस फुकट भेटत नाही.

अजिंठा जिल्ह्याच्या हद्दीबाहेर असला तरी आम्ही जळगाववाले तो आपलाच धरतो, आणि वाघूर नदी तिथं जो घोड्याच्या नालेसारखा वळसा घेते तिचंच पाणी पुढे धरणातून जळगावला प्यायला येतं, त्यामुळे एवढा हक्क चालतो. समोरच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट ही इथली ठरलेली जागा, तिथून सगळी लेणी एका नजरेत येतात. आत फ्लॅशला बंदी, आणि ते बरोबरच आहे. पण कॅमेरा घेऊन इथं सगळ्यात जास्त चिकटून बसलेला माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये चित्रांच्या नकला रंगवायला आला, वर्षानुवर्षं राबून केलेल्या त्या कॅनव्हासपैकी बहुतेक सगळे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. त्याच्याही आधी त्याने कॅमेरा हातात घेतलेला होता, त्याचे स्टिरिओ फोटो १८६४ मध्ये पुस्तकात छापून आले. १८७९ मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळला गाडी बदलताना लोक केळी घेतात, वडे घेतात, पण ह्या कबरीचं नाव कोणाच्या तोंडून मी तरी ऐकलं नाही.

आणि चाळीसगाव! केकी मूस (१९१२–१९८९) तिथं स्टेशनजवळच्या घरात राहायचे. आयुष्याची कित्येक दशकं ते त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, विनोबांचा फोटो काढायला म्हणून बाहेर आले होते असं सांगतात. हा माणूस टेबलावर हाताशी मिळेल ते सामान मांडून त्यातून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचा आणि त्याचा फोटो काढायचा. आपण ताजच्या रांगेत उभे, आणि ह्यांनी डोंगरच टेबलावर आणून ठेवला. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. चाळीसगाव म्हटलं की सगळे पाटणादेवीला पळतात, जा ना, पण परतताना स्टेशनच्या बाजूने पण चक्कर मारा.

गाण्याच्या मैफिलीत मात्र हा सगळा प्रकार वेगळा होतो. तिथं जागा ठरवायच्या आधी कान लागतो. गाणाऱ्याच्या तोंडासमोर माइक, त्यामुळे समोरची खुर्ची फोटोच्या कामाची नाही, थोडं बाजूला सरकायचं, तबलजीच्या बाजूला मिळालं तर उत्तम. तीनतालात सोळा मात्रा मोजत बसायचं आणि समेच्या, म्हणजे नव्या फेरीच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित आधी बटण दाबायचं, कारण समेवर हात खाली येतो, मान हलते, समोरच्या रांगेतून वाहवा निघते, आणि सम ऐकून दाबलं तर सगळं होऊन गेलेलं असतं. आलापीत शटरचा खटखटाट करणाऱ्याला पुण्याच्या सवाईत काय आणि जळगावच्या बालगंधर्व महोत्सवात काय, शेजारी बसलेले आजोबा जे बघतात ना, ते बघणंच पुरेसं असतं. स्टेजवर एलईडी असतील तर फोटोत आडवे पट्टे येतात, शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून बघा, बऱ्याच वेळा जातात.

आणि ह्यातलं काहीही काठी गावच्या होळीला चालत नाही. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी. तिथं ना स्टेज, ना खुर्ची, ना सम. मोठे ढोल, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, अंगभर पांढरे ठिपके काढलेले बुध्या म्हणजे नाचणारे, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, आणि सगळा घेर सतत फिरतोय. तुम्ही एक जागा पकडता, दोन मिनिटांत तो घेर तुम्हाला उचलून तिसरीकडे नेऊन ठेवतो, तिथं धूर डोळ्यात जातो, तिथून परत पुढे. हल्ली बाहेरून येणारे काही कॅमेरेवाले नाचणाऱ्याला खांद्याला धरून उजेडात उभं करतात, ते मला अजिबात पटत नाही, तो त्याच्या देवासाठी नाचतोय, तुमच्यासाठी नाही. घेरात शिरा नाहीतर लांब थांबा. आत शिरलात तर लेन्स रुंद ठेवा, आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा टोप उंच असतो आणि फ्रेममध्ये हमखास कापला जातो. आणि बॅटऱ्या जपा, होळी पेटते पहाटे. रात्रभर नाच शूट करून आग लागायच्या वेळेला चार्जिंगचा पॉइंट कुठं आहे विचारत फिरणारे तिथं भेटतातच, आणि त्यांना सगळे हात लांब करून अक्कलकुवा दाखवतात.