श्रावणात श्रीलंका: कोरडी बाजू कुठली ते आधी बघा

श्रीलंकेला कधी जावं, असं इंदुरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे: डिसेंबर ते मार्च. ऑगस्टचं नाव काढलं तर ट्रॅव्हल एजंट लॅपटॉपवरून मान वर करून विचारतो, "मॅडम, बारिश में?" त्याचंही चूक नाही. त्याच्याकडची सगळी पॅकेजं कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिसा अशी नैर्ऋत्य किनाऱ्याने जातात, आणि त्या किनाऱ्याचा हंगाम खरंच डिसेंबर ते मार्चच आहे. पण बेट तेवढंच नाही. आम्ही २०२५च्या ऑगस्टात गेलो, मुलांना पूर्व किनाऱ्यावरच्या निलावेलीच्या समुद्रातून ओढून बाहेर काढावं लागलं, आणि छत्र्या बहुतेक वेळ गाडीच्या डिकीतच राहिल्या.

तारखांचं गणित आपल्याकडच्या सगळ्याच घरांत असतं तसंच. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी, जन्माष्टमी शनिवारी, पुढे रविवार. म्हणजे शाळा कमीत कमी बुडणार. सत्तावीसला गणपती, त्याच्या आत घरी पोचून मखर लावायचं. बरोबर मावशी आणि काका. काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे पाऊस हा त्यांचा आवडता विषय. ट्रिप ठरवताना हॉटेलांचे फोटो बाजूला सारून त्यांनी नकाशा काढायला लावला, आणि ते बरंच झालं.

महाबळेश्वरला धो-धो कोसळणारा पाऊस वाईला पोचेपर्यंत कसा दमतो, हे ज्याने पाहिलंय त्याला श्रीलंका समजायला पाच मिनिटं लागतात. बेटाच्या मध्यावर, जरा दक्षिणेकडे, डोंगरांचा गठ्ठा आहे. सगळ्यात उंच शिखर पिदुरुतलागला, २,५२४ मीटर. मे ते सप्टेंबर वारे नैर्ऋत्येकडून येतात, या डोंगरांवर आदळतात, आणि रत्नपुरा, कोलंबो, गॉल, नुवारा एलियाची पश्चिम बाजू भिजवून टाकतात. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत तोच वारा कोरडा आणि गरम झालेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारडं फिरतं: ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून येतात, पूर्व आणि उत्तर भिजते, नैर्ऋत्य किनारा उघडतो. पूर्व किनाऱ्यावरच्या ट्रिंकोमालीला वर्षाला साधारण १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या इंदूरच्या दीडपटीहून जास्त. पण त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते जानेवारीत पडून जातो. ऑगस्टात तिथे भाजून काढणारं ऊन असतं.

म्हणून महिना तुमच्या सुटीने ठरू द्या, आणि त्या महिन्यात कोरडी असेल ती बाजू निवडा. उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे आधी हॉटेल पसंत केलं आणि मग सुटी बसवली, तर पाऊस तुमच्याआधी चेक-इन करून बसलेला असेल.

ही सोय प्रत्येक बेटावर नसते, हेही सांगायला हवं. अंदमानला असा मोठा डोंगर मध्ये नाही. तिथे मेपासून थेट डिसेंबरपर्यंत कधी एक मोसमी पाऊस, कधी दुसरा, आणि दोन्ही सगळ्यांनाच भिजवतात. सेल्युलर जेल बघायला जाणाऱ्यांनी जानेवारी ते एप्रिल धरावा.

आता प्रवास. इंदूरहून कोलंबोला थेट विमान नाही; मुंबई, चेन्नई किंवा बंगळुरूहून जायचं. आम्ही चेन्नईमार्गे गेलो, तिथून कोलंबो दीड तासाच्या आत. ज्यांना विमानाचे पैसे वाचवायचेत ते रात्रीच्या अवंतिकाने मुंबई गाठून पुढचं विमान पकडतात, पण मध्ये हाताशी भरपूर वेळ ठेवा, मुंबईत पाऊस असतोच. प्रवासाची परवानगी, म्हणजे ईटीए, निघण्याआधी ऑनलाइन काढावी लागते. तिच्या शुल्काचे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे सरकारी संकेतस्थळच पाहा, मधल्या दलालांच्या साइटवर जाऊ नका. घड्याळाला हात लावायचा नाही, वेळ आपलीच. रुपया मात्र आपला नाही: आपल्या एका रुपयाला तिथले साधारण साडेतीन मिळत होते. २०२४पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, मोठ्या दुकानांत चालतं, पण नारळपाणीवाल्याला रोखच द्या.

विमानतळ कटुनायकेला आहे, कोलंबो शहराच्या उत्तरेला. पहिल्या रात्री शहरात शिरण्यापेक्षा जवळच्या नेगोंबोला राहणं शहाणपणाचं, कारण सकाळी उठून वर उत्तरेला निघायचं असतं. नेगोंबोला भुरभुर होती. कुरुनेगला सोडलं तसे ढग विरत गेले आणि डंबुल्लाला पोचेपर्यंत मावशीने गॉगल मागितला.

सिगिरियाबद्दल सगळे लिहितात, मी थोडक्यात सांगते. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाने उभ्या कातळावर बांधलेला राजवाडा, साधारण बाराशे पायऱ्या. ऑगस्टात नऊनंतर कातळ तापतो, म्हणून दार उघडताच आत शिरा. सार्क देशांतल्या पर्यटकांना तिकिटात सवलत असते, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका. काका निम्म्यावर, सिंहाच्या पंजांपाशी, बसून राहिले आणि पाण्याच्या जुन्या कारंज्यांची रचना वरून न्याहाळत होते. त्यांना वर जायची गरजच वाटली नाही.

कोरड्या महिन्यांत जाण्याचं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे मिन्नेरियाचे हत्ती. मिन्नेरिया हा तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला तलाव. जुलै ते ऑक्टोबरात त्याचं पाणी आटत जातं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती तिथे उतरतात. चांगल्या दिवशी दोनशे-तीनशेपर्यंत. पण हे पाणी शेतीसाठीही सोडलं जातं आणि दुसऱ्या धरणांतून इथे येतंही, त्यामुळे पातळी दर वर्षी सारखी नसते. पाणी भरलेलं असेल तर हत्ती कौडुल्लाला किंवा हुरुलूच्या जंगलात जातात. म्हणून नुसतं "मिन्नेरियाची जीप" असं आगाऊ पक्कं करू नका. दुपारी स्थानिक ड्रायव्हरला विचारा की आज हत्ती कुठे आहेत, आणि तिकडे जा. जीपवाल्यांची गर्दी मात्र लाजिरवाणी आहे. एका पिल्लाभोवती इतक्या गाड्या लागल्या की आमच्या मुलीनेच "आपण मागे जाऊ या" म्हटलं. जीपवाल्याला आधीच सांगा की लांब थांबलेलं चालेल, ऐकतात.

सिगिरियाहून ट्रिंकोमाली शंभरेक किलोमीटर, रस्ता सरळ आणि रिकामा. उप्पुवेली आणि निलावेली हे दोन किनारे. ऑगस्टात समुद्र इतका शांत की पोहायला न येणारी माणसंही कमरेपर्यंत पाण्यात गप्पा मारत उभी असतात. निलावेलीहून होडीने पिजन आयलंडला जाता येतं. तिथे उथळ पाण्यात प्रवाळ, रंगीत मासे आणि काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क दिसतात. माणसाच्या वाटेला ते जात नाहीत. हे राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे होडीशिवाय वेगळं तिकीट पडतं आणि परदेशी माणसाला ते स्वस्त नाही. सकाळी सातची पहिली होडी धरा; दहानंतर पाणी गढूळ आणि माणसं फार. प्रवाळावर पाय ठेवू नका. मेलेल्या प्रवाळाचे ढीग किनाऱ्यावर दिसतात, त्यांवर चालायला रबरी बूट हवेत. चपलांनी पाय कापतात.

ट्रिंकोत मावशी सगळ्यात खूश होती. समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचं देऊळ, श्रावणी सोमवार, आणि गावात तमिळ वस्ती असल्याने शुद्ध शाकाहारी डोसे. बाकी बेटावर शाकाहाराची एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. "भाजी आहे, मांस नाही" एवढ्यावर विसंबू नका. पोळ सांबोल ही ओल्या नारळाची लाल चटणी सगळीकडे मिळते, दिसायला निरागस, पण तिच्यात आणि कित्येक भाज्यांत उंबलकड घालतात, म्हणजे सुकवलेल्या ट्यूना माशाचा चुरा. "उंबलकड नको" हे दोन शब्द पाठ करा, स्वयंपाकी लगेच मान डोलावतो. परिप्पू नावाची मसूर डाळ, इडिअप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, फणसाची भाजी, आणि म्हशीच्या दह्यावर कितुल माडाची काकवी, एवढ्यावर मावशीने निभावलं. इंदुरी शेवेचं पाकीट दर जेवणाला उघडलं जात होतंच, तो भाग वेगळा.

ट्रिंकोहून कँडीला आलो. पेरहेरा, म्हणजे सजवलेल्या हत्तींची मिरवणूक, आषाढ-श्रावणाच्या पौर्णिमेच्या हिशोबाने जुलै-ऑगस्टात येते. आम्ही पोचलो तेव्हा संपली होती. ती गाठायची असेल तर तारखा आधी बघा, कारण त्या दिवसांत कँडीतल्या खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या दंतमंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरे कपडे असले तर उत्तम.

मग ती आगगाडी. कँडीजवळून निघणारी डोंगरातली गाडी नानू ओयाला येते, म्हणजे नुवारा एलियाचं स्टेशन. तिथे आम्ही ऑगस्टात स्वेटर घालून उभे होतो. उंची सोळाशे मीटरच्या पुढे, तिरका पाऊस, धुकं, चहाचे मळे दोन ओळींपलीकडे गायब. गाडी चढत पट्टिपोलाला गेली, सुमारे १,८९० मीटर, या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, आणि एका बोगद्यात शिरली. या बोगद्याच्या अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे उवा प्रांत. बाहेर पडलो तर ओहियाच्या उतारावर लख्ख ऊन. डब्यातल्या सगळ्यांनी एकदम "अरे!" केलं आणि काकांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू बोगदा त्यांनीच खणलाय. नेहमीच इतकं चोख होतं असं नाही, पण वर सांगितलेला सगळा नकाशा त्या एका बोगद्यात उमगतो. चहालाही हे ठाऊक आहे: उवाचा उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या वाऱ्यात तयार होतो, नुवारा एलिया आणि डिंबुलाचा जानेवारी ते मार्चात. ऑगस्टात चहा विकत घ्यायचा तर उवाचा घ्या.

ऑगस्टात नुवारा एलियाला मुक्काम ठोकण्यात मला अर्थ वाटत नाही. सीता एलियाचं देऊळ मावशीसाठी पाहिलं, भिजलो, निघालो. हॉर्टन प्लेन्स पठाराच्या कड्यावरून या दिवसांत बहुधा ढगच दिसतात; त्यासाठी जानेवारी ते मार्च राखून ठेवा. मुक्काम एल्ला किंवा बंडारवेलाला करा. १९२१चा नऊ कमानींचा पूल एल्लापासून चालत जाण्याजोगा आहे.

गाडीची आरक्षणं तीस दिवस आधी खुलतात आणि चटकन संपतात. न मिळाली तर एजंटाला चौपट पैसे देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट खिडकीवर मिळतं. नानू ओयाला गर्दीचा एक लोंढा उतरतो, तिथून चढलात तर जागा मिळायची शक्यता बरी. एक महत्त्वाची गोष्ट मात्र आमच्या ट्रिपनंतरची: नोव्हेंबर २०२५मध्ये दित्वा चक्रीवादळाने बेटाला झोडपलं, दरडींत शेकडो माणसं गेली, डोंगरातले रस्ते आणि हा रेल्वेमार्गही तुटला. गाडी कुठून कुठपर्यंत चालतेय हे तिथल्या रेल्वेकडून विचारूनच बाकीचं बुकिंग करा.

दिवाळीच्या सुटीत श्रीलंकेला जाऊ नका असं मी सांगते ते यासाठीच. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमांमधला काळ; तेव्हा कोरडी बाजू अशी उरतच नाही, दुपारी सगळीकडे गडगडाट, आणि उपसागरातल्या वादळांचेही हेच दिवस. स्वस्त पॅकेजं नेमकी याच दिवसांत येतात. त्यातून ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग साधारण सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो. मेची सुटी असेल तर महिन्याच्या सुरुवातीला आणि पूर्वेलाच जा. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य बाजूला पावसाचा पहिला तडाखा बसतो. २०१६ आणि २०१७ला दोन्ही वर्षी याच दिवसांत पूर आणि दरडी आल्या होत्या. नाताळात नैर्ऋत्य किनारा, मिरिसाचे देवमासे, श्रीपाद या पवित्र डोंगराची चढण, सगळं खुलं असतं, फक्त खिसा जड हवा.

परतताना आम्ही गॉल केलंच. समुद्रावर लाल बावटे, लाटा तटाला धडकत होत्या, देवमाशांच्या बोटी बंद. पण डच किल्ल्याच्या आतल्या गल्ल्या सरींमध्ये फिरायला झकास, आणि हॉटेलांचे भाव हंगामाच्या मानाने बरेच उतरलेले. पोहायचं नसेल तर एक रात्र काढायला हरकत नाही.

शेवटचं, कॅलेंडरबद्दल. दर पौर्णिमेला तिथे सरकारी सुटी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारू मिळत नाही आणि देवळांत गर्दी उसळते. एप्रिलच्या तेरा-चौदा तारखेला त्यांचं नववर्ष. त्या सुमारास अर्धी दुकानं बंद, ड्रायव्हर आपापल्या गावी. तेव्हा गाडी मिळाली तरी जेवण कुठे मिळेल, ते आधी विचारून ठेवा.